धुण्याचे पाणी जाते कुठे?

काटेपूर्णा नदी वाशिम तालुक्यातल्या काटा गावाच्या परिसरात उगम पावते आणि उत्तरेकडे अकोल्याला निघते. महानच्या धरणात तिचे पाणी अडते, अकोला शहर ते पिते आणि उरलेली नदी पूर्णा, तापी करत अरबी समुद्राला मिळते. त्याच जिल्ह्यातल्या पूस, अडाण आणि अरुणावती मात्र पैनगंगेच्या वाटेने वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला जातात. दोन समुद्रांकडे जाणाऱ्या पाण्याची वाटणी करणारी धार वाशिम जिल्ह्यातून जाते. शेजारच्या दोन गावांत एकाच सकाळी धुतलेल्या कपड्यांचे पाणी पावसाळ्यात दोन वेगळ्या दिशांना लागू शकते.

भूगोलाची ही गोष्ट धुण्याच्या पावडरीवरच्या लेखात सांगण्याला कारण आहे. उगमाजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या अंगाला कोणी नसते. पुण्या-मुंबईकडच्या नद्यांत काय मिसळते याचा हिशेब कारखाने, महापालिका, वरची गावे यांच्यात वाटला जातो. इथे नदी पहिली पावले टाकत असते. तिचे पाणी थोडे असते आणि होळीच्या सुमाराला बहुतेक ओढे-नाले कोरडे पडतात. तेव्हा गावाखालच्या नाल्यात जी ओल दिसते ती गावाच्या नालीची असते. त्या नालीतल्या पाण्याचा मोठा वाटा न्हाणीचा आणि धुण्याचा. मोठ्या नदीत शंभर पटींनी पातळ होणारी गोष्ट इथे जशीच्या तशी डोहात उतरते.

म्हणून ‘पर्यावरणाला पोषक पावडर कोणती’ हा प्रश्न दुकानात विचारण्याआधी घरात विचारायचा असतो: आपल्या धुण्याचे पाणी जाते कुठे? उत्तर घराघराला वेगळे येते. काही घरांचे पाणी नालीतून नाल्याला आणि पुढे एखाद्या तलावाला मिळते. काहींचे परसात, वऱ्हाडात म्हणतात त्या सांदवाडीत, केळीच्या आळ्यात जाते. स्वच्छतेच्या मोहिमांनंतर अनेक गावांत शोषखड्डे झाले, तिथे ते जमिनीत मुरते. शहरी वस्तीत न्हाणीचा पाइप कधी कधी संडासाच्या सेप्टिक टाकीलाच जोडलेला असतो. या प्रत्येक वाटेवर पावडरीतला वेगळा घटक त्रास देतो. एका वाटेला चालणारी पावडर दुसऱ्या वाटेला चालत नाही, आणि पाकिटावरचे हिरवे पान यातले काहीच सांगत नाही.

आधी पाकीट उघडून बघू. कपड्यातला मळ काढण्याचे खरे काम करतो तो फेस देणारा घटक. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. असे असंख्य रेणू घामाच्या तेलकट थराला वेढून त्याला धाग्यापासून सोडवतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. बाजारात या घटकाला ॲसिड स्लरी म्हणतात. पेट्रोलियमपासून तयार होणारा हा काळपट, दाट आणि जळजळीत द्रव सोड्याशी मिसळला की शांत होतो आणि त्याची पावडर बनते. स्वस्त पावडरीत हा घटक थोडा असतो. वजनाचा मोठा भाग सोडा ॲश, मीठ, ग्लॉबर सॉल्ट आणि डोलोमाइटची भुकटी यांचा. त्यातला सोडा निदान काम तरी करतो, म्हणजे पाण्याचा जडपणा मोडतो आणि तेलकट मळ सैल करतो. मीठ आणि डोलोमाइट प्रामुख्याने पाकीट भरतात. महाग पावडरीत याशिवाय एन्झाइम, झिओलाइट किंवा फॉस्फेट, कपडा उजळ दाखवणारा टिनोपॉलसारखा पदार्थ, रंगीत दाणे आणि सुगंध येतात.

सोड्याने कपडे धुणे या भागाला नवे नाही. रिसोड तालुक्याला लागूनच बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आहे. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या, पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीच्या त्या विवरातले पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्याचा सामू १० च्या आसपास राहतो. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर क्षारांचा थर बसायचा. डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांना नावे होती. रंगाऱ्यांना आणि साबण करणाऱ्यांना तो लागायचा. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीतही नोंद आहे की लोणारच्या या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारे सगळे जिन्नस मिळतात. म्हणजे सोळाव्या शतकात वऱ्हाडचा हा कोपरा आजच्या पावडरीच्या मुख्य घटकासाठी ओळखला जात होता. २०२० साली लोणारला रामसर यादीत जागा मिळाली. त्या सरोवरात काही सूक्ष्म जीव आणि निळे-हिरवे शेवाळ सुखाने जगतात, पण साधा मासा जगत नाही. सोड्याचे पाणी साचत गेले की त्यात कोणते जीव टिकतात, हे पाहायला लांब जायला नको.

आता परसाकडे येऊ, कारण वाशिमसारख्या जिल्ह्यात खरा घोळ तिथे आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. धुण्याचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालणे ही आपल्याकडची चांगली सवय. टंचाईच्या गावात ती गरजही आहे. पण त्या पाण्यात सोडियम किती जातो याचा हिशेब करून पाहावा. समजा, एका घरात महिन्याला दोन किलो साधी पावडर लागते. तिच्यात ४० टक्के सोडा आणि ३० टक्के मीठ व ग्लॉबर सॉल्ट धरू. सोडा ॲशच्या वजनात सुमारे ४३ टक्के सोडियम असतो, मिठाच्या ३९ टक्के, निर्जल ग्लॉबर सॉल्टच्या ३२ टक्के. बेरीज केली तर महिन्याला अर्धा किलोहून जास्त सोडियम आणि वर्षाला सहा किलोंच्या वर. पंधरा किलोंपेक्षा जास्त मिठात असतो तेवढा सोडियम, आणि तो दरवर्षी त्याच चार झाडांच्या आळ्यात.

वाळूच्या जमिनीत तो पावसाने खाली वाहून गेला असता. आपली जमीन काळी आहे. तिच्यात चिकणमाती भरपूर, अनेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते. या मातीचे कण एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः कॅल्शियममुळे. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण एकमेकांना सोडून देतात, पाण्यात सुटे होतात आणि मातीची बारीक भोके बुजवतात. मग पाणी मुरत नाही, वर तळे साचते, वाळल्यावर दगडासारखा पापुद्रा होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात ती किती पिढ्यांचे दुखणे आहे हे वाशिमच्या माणसाला सोयऱ्या-धायऱ्यांकडून ठाऊक असते. मातीने धरून ठेवलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण समजावी, असा जगभरचा जुना निकष. पण पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण ब्यूरोच्या शास्त्रज्ञांना दिसले की आपल्या मातीत पाणी मुरणे त्याच्या किती तरी आधी, ५ टक्क्यांच्या आसपासच बिघडू लागते.

सोडा या बाबतीत मिठापेक्षाही वाईट, कारण त्याचा दुसरा अर्धा भाग कार्बोनेटचा असतो. तो जमिनीतल्या कॅल्शियमला धरून त्याची चुनखडी करून टाकतो. मातीला सांभाळणारा कॅल्शियम असा कोपऱ्यात बसला की सोडियमला रान मोकळे. आपल्या जमिनी आधीच चुनखडीयुक्त आणि किंचित अल्कधर्मी. त्यांचा सामू आणखी वर गेला की लोह आणि जस्त झाडाला मिळेनासे होते. धुण्याच्या पाण्यावर वाढलेल्या लिंबाची किंवा कढीपत्त्याची पाने शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी दिसली, तर कीटकनाशक शोधण्याआधी न्हाणीच्या पाइपाकडे बघावे.

हे घरी तपासता येते. परसातली, धुण्याचे पाणी न लागलेली काळी माती कोरडी करून बारीक करा. दोन पारदर्शक बाटल्यांत तिचे दोन-दोन चमचे घ्या. एकीत बोअरचे साधे पाणी भरा, दुसरीत तेच पाणी घेऊन लिटरला अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून भरा. दोन्ही जोरात हलवून खिडकीत ठेवा. साध्या पाण्यातली माती गोळे धरून खाली बसू लागते आणि वरचे पाणी निवळते. सोड्याच्या बाटलीतले पाणी बराच वेळ, कधी कधी दुसऱ्या दिवशीही, गढूळच राहते. मातीचे कण सुटे झाल्याची ही खूण. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मातीतल्या वाळूचे, पोयट्याचे आणि चिकणमातीचे प्रमाण काढताना कण मुद्दाम सुटे करावे लागतात. त्यासाठी वापरतात ते द्रावण सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि सोडा ॲशचे असते. दोन्ही धुलाईच्या रसायनांच्या घराण्यातले. प्रयोगशाळेत जे एका भांड्यात करतात, तेच आपण परसात वर्षानुवर्षे करत असतो.

यावरून निवड सोपी होते. पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात जात असेल तर भुकटीपेक्षा द्रवरूप डिटर्जंट बरे. द्रवात सोडा ॲश आणि मिठाचा भरणा करता येत नाही. त्यामुळे त्यात सोडियम बराच कमी असतो आणि सामूही सौम्य राहतो. ऑस्ट्रेलियात, जिथे अनेक ग्रामीण घरांचे सांडपाणी अंगणातच मुरवले जाते, आर्मिडेल गावच्या लॅनफॅक्स प्रयोगशाळेने बाजारातली धुलाईची उत्पादने एकेक करून तपासली. त्यांना भुकट्यांत सोडियमचा भार द्रवांच्या तुलनेत खूप जास्त आढळला. द्रव महाग पडतो ही अडचण खरी आहे. पण तो मोजून वापरला तर फरक वाटतो तितका उरत नाही, आणि केळीचे बेट जगवायचे असेल तर तो फरक सोसण्याजोगा आहे. बोरॅक्स असलेली उत्पादने मात्र परसासाठी टाळावीत. बोरॉन झाडाला लागतो तो कणभर, त्याहून थोडाही जास्त झाला तर पानांच्या कडा जळतात. क्लोरीनच्या ब्लीचचे पाणीही आळ्यात नको.

भुकटीशिवाय भागत नसेल तर दोन गोष्टी करा. पहिले, साबणाचे दाट पाणी नालीत जाऊ द्या आणि खंगाळण्याचे दुसरे-तिसरे पाणी तेवढे झाडांना द्या. सोडियमचा मोठा भाग पहिल्या पाण्यातच निघून जातो. दुसरे, तेच तेच आळे न धरता जागा बदलत राहा, आणि पावसाळ्याआधी त्या आळ्यात थोडे जिप्सम मिसळा. चोपण जमिनीला शेतकरी जिप्सम टाकतात ते याच कारणाने. त्यातला कॅल्शियम सोडियमला मातीवरून हुसकावतो आणि पुढे पावसाचे पाणी त्याला खाली घेऊन जाते.

नालीतून तलावाकडे जाणाऱ्या पाण्याचा विचार वेगळा आहे. तिथे आरोपी बदलतो. वाशिम शहराला पाणी देणारा एकबुर्जी, कारंज्याला पाणी देणारा अडाण प्रकल्प, गावोगावचे पाझर तलाव, हे सगळे साठलेले पाणी. साठलेल्या पाण्यात शेवाळ किती वाढणार हे बहुधा फॉस्फरसच ठरवतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने हे एका सरोवरावर दाखवून दिले. सरोवराच्या दोन भागांमध्ये त्यांनी प्लास्टिकचा पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्यात त्याच दोघांच्या जोडीला फॉस्फरस. पहिला भाग स्वच्छ राहिला आणि दुसरा हिरव्या शेवाळाने गच्च भरला. आकाशातून काढलेल्या त्याच्या छायाचित्राने डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवरचा वाद जवळपास संपवला. युरोपीय संघाने पुढे घरगुती धुलाईच्या पावडरीत एका धुण्यामागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त फॉस्फरस असू नये असे बंधन घातले. ते २०१३ च्या मध्यापासून लागू आहे.

फॉस्फेट वाईट तेवढेच कामाचेही आहे. बेसॉल्टच्या खडकातले, विशेषतः खोल बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा चिकट साका करतात. फॉस्फेट या दोघांना पाण्यातच बांधून ठेवतो. त्याची जागा झिओलाइट, सायट्रेट किंवा पुन्हा सोडा घेऊ शकतो. इथेच गुंता होतो. स्वस्त भारतीय पावडरीत फॉस्फेट नसण्याची शक्यता जास्त, कारण फॉस्फेट महाग. ती कसर सोडा भरून काढतो. म्हणून तलावाच्या दृष्टीने स्वस्त पावडर बरी आणि केळीच्या दृष्टीने तीच वाईट, असे घडते. सगळीकडे चालणारी पावडर शोधत बसण्यापेक्षा आपले पाणी कोणत्या वाटेने जाते ते बघा. तलावाच्या वाटेवर असाल तर ‘फॉस्फेटविरहित’ हा शब्द पाकिटावर शोधा आणि सोड्याचे फार मनावर घेऊ नका. झिओलाइट पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो आणि शेवाळाला खाऊ घालत नाही.

जड पाण्यावर सगळ्यात स्वच्छ उपाय पावसाळ्यात छतावरून येतो. पावसाचे पाणी मऊ असते. पन्हाळीखाली पिंप ठेवून त्यात कपडे भिजवले तर निम्म्या पावडरीत काम होते. नळाचे आणि बोअरचे असे दोन्ही प्रकारचे पाणी असेल तर भिजवायला ज्यात साबणाचा फेस लवकर होतो ते घ्यावे, आणि खंगाळायला दुसरे.

फेस दिसला की प्रदूषण आणि फेस भरपूर म्हणजे धुणे चांगले, या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. पन्नासच्या दशकात युरोप-अमेरिकेच्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, कारण त्या वेळच्या फेसक घटकाची रेणूसाखळी फांद्यांची होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. जर्मनीने १९६१ साली कायदा केला, अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ पर्यंत सरळ साखळीचा घटक आणला. आज आपल्या पावडरीत असतो तो मुख्यतः हाच. हवा मिळाली तर जिवाणू त्याला काही दिवसांत-आठवड्यांत फस्त करतात. हवा नसेल तर तो जवळपास तसाच पडून राहतो. सेप्टिक टाकीत हवा नसते. साचलेल्या, काळ्या पडलेल्या नालीच्या तळाशीही नसते. आळंदीला इंद्रायणीवर पुन्हा पुन्हा तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे. तिथे कारखान्यांचे आणि शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी आहे, आणि पाण्यात प्राणवायू कमी पडतो. घटक विघटनशील असून भागत नाही. विघटन करणाऱ्या जिवाणूंना श्वास घ्यायला जागा लागते. म्हणून उघडी, वाहती, कर्दळ लावलेली नाली ही तुंबलेल्या बंद नालीपेक्षा चांगली, आणि न्हाणीचा पाइप सेप्टिक टाकीतून काढून शोषखड्ड्याकडे वळवणे हे पावडर बदलण्याइतकेच मोलाचे काम आहे.

कपडा पांढराशुभ्र दाखवणाऱ्या पदार्थाबद्दल मात्र मी ठाम आहे: तो नको. टिनोपॉल जातीचे पदार्थ मळ काढत नाहीत. ते धाग्याला चिकटतात, उन्हातले अदृश्य अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे पिवळट सदरा पांढरा भासतो. पाण्यात गेल्यावर ते हळूहळूच मोडतात. साधी निळही डोळ्यांना असाच चकवा देते, पण तिचे दोन थेंब पुरतात आणि तेही हवे तेव्हाच घालायचे असतात. विदर्भाच्या उन्हात दोन तास वाळलेल्या सुती कपड्याला याहून काही लागत नाही. नोनिलफिनॉल जातीचे फेसक घटक तर युरोपने २००५ पासून घरगुती धुलाईतून काढले, कारण ते मोडून जे उरते ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते.

एन्झाइमची भीती बाळगू नये. जिवाणूंपासून मिळवलेली ही प्रथिने रक्ताचे, दुधाचे, वरणाचे डाग तोडतात, स्वतः सहज कुजतात आणि त्यांच्यामुळे फेसक घटक कमी लागतो. त्यांना कोमट पाणी आणि वेळ हवा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या टाकीतले पाणी तसेही कोमट असते. अर्धा तास भिजवले की मोगरीचा मार कमी लागतो. उकळत्या पाण्यात घातली तर ती निकामी होतात, आणि रेशमाला व लोकरीला लावली तर त्यांचीही प्रथिनेच तोडू लागतात.

आता रिठ्याची गोष्ट. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते. ते फेस देते, सौम्य असते आणि मातीत गेल्यावर मुरते. पैठणी, शालू, लोकरीचे कपडे यांच्यासाठी याहून चांगले काही नाही. विदर्भाच्या माळावर उगवणाऱ्या काटेरी हिंगणाच्या फळाचा गरही असाच रेशीम धुण्याला वापरला जायचा. पण शेतात दिवसभर राबलेल्या माणसाचा सदरा, सोयाबीनच्या मळणीची धूळ, ट्रॅक्टरचे तेल हे एकट्या रिठ्याने निघत नाही. तसा दावा करणाऱ्यांनी घरातल्या बायांचे मनगट लक्षात घ्यावे. दुसरे असे की निसर्गातले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. रिठा आणि हिंगण दोन्ही माशांना विषारी आहेत, आणि डोहात मासे गुंगवण्यासाठी अशा फळांचा वापर लोकांना ठाऊक आहे. रिठ्याचे दाट पाणी झाडाच्या आळ्यात चालेल, नाल्यातल्या शेवटच्या डोहात ओतू नये.

जुन्या पद्धतीचा वडी साबण, तेल आणि क्षारापासून केलेला, सगळ्यांत लवकर विघटन पावतो, हवा नसली तरीही. सेप्टिक टाकीच्या घराला तो योग्य. जड पाण्यात मात्र तो साका धरतो आणि जास्त लागतो. कॉलर आणि बाह्यांना वडी घासून बाकीचा कपडा थोड्या द्रवात भिजवायचा, ही जोडी मला सगळ्यांत व्यवहारी वाटते.

आणि मोजमाप. पाकिटातल्या कोणत्याही गुणापेक्षा मूठ किती भरली याने जास्त फरक पडतो. गरजेपेक्षा जास्त घातलेली पावडर मळ काढत नाही. ती कपड्यात अडकते आणि तिला काढायला आणखी दोन बादल्या लागतात. टँकरची वाट बघणाऱ्या गावात त्या दोन बादल्यांची किंमत बाईलाच कळते, कारण त्या तिनेच आणलेल्या असतात. डब्यात एक ठरलेला चमचा ठेवा, आजच्यापेक्षा पाव भाग कमी घाला आणि आठवडाभर बघा. कपडा तितकाच निघत असेल तर आणखी थोडे कमी करा.

पाकिटावरच्या शब्दांवर विसंबणे अवघड आहे, कारण घटकांची पूर्ण यादी त्यावर बहुधा नसते. ‘हर्बल’, ‘नॅचरल’, ‘इको’ हे शब्द लिंबाच्या चित्रासोबत छापायला काही लागत नाही. केंद्र सरकारने १९९१ साली इकोमार्क योजना आणली. मातीच्या मडक्याचे चिन्ह ही तिची खूण, आणि डिटर्जंट तिच्या कक्षेत होते. पण किती पाकिटांवर ते मडके दिसते? २०२४ साली या योजनेचे नवे नियम आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार ‘पर्यावरणस्नेही’ म्हणणाऱ्याने ते कशाच्या आधारावर हे सांगायला हवे. न सांगणाऱ्याबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

दुकानातच करता येईल अशी एक छोटी परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात चमचाभर पावडर विरघळवा आणि दहा मिनिटे थांबा. तळाशी बसलेला पांढरा गाळ बहुतेक डोलोमाइटचा किंवा तशाच भुकटीचा, महाग पावडरीत तो झिओलाइटही असू शकतो. वरच्या निवळलेल्या पाण्यात लिंबू पिळा. जोरात फसफसले तर सोडा भरपूर आहे. फॉस्फेट यात कळत नाही, पण आळ्यात घालायचे पाणी कसे आहे ते कळते.

सगळ्यांत मोठी आशा मला बचत गटांकडून आहे. विदर्भात गावोगावच्या गटांना वॉशिंग पावडर तयार करण्याचे प्रशिक्षण मिळते, आणि आठवडी बाजारात त्यांची सुटी पावडर विकलीही जाते. कंपनीच्या कारखान्यातली कृती वाशिमची बाई बदलू शकत नाही, पण गटाची कृती तिच्याच हातात असते. मीठ आणि ग्लॉबर सॉल्ट वगळायचे, फॉस्फेट घ्यायचेच नाही, त्याऐवजी थोडे सोडियम सायट्रेट, टिनोपॉल आणि रंगीत दाणे शून्य. अशी पावडर वजनाला कमी भरेल आणि किलोला महाग दिसेल, म्हणून ती किलोवर न विकता किती बादल्या धुणे होते यावर विकावी लागेल. ॲसिड स्लरी हाताळताना हातमोजे आणि चष्मा, सोडा मिसळताना नाकावर कापड, यात मात्र एक पैही वाचवू नये. परसापुरती द्रवरूप कृती गटाने केली तर ॲसिड स्लरी शांत करायला सोड्याऐवजी पोटॅशचा क्षार वापरता येतो. पोटॅश महाग असते, पण ते झाडाला खत म्हणून लागते.

ज्यांच्या परसात अनेक वर्षे धुण्याचे पाणी मुरते आहे त्यांनी या उन्हाळ्यात तिथली माती आणि दहा पावलांवरची कोरडी माती अशा दोन पिशव्या भराव्यात. माती परीक्षणाची चौकशी रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येईल. सामू आणि क्षारता तर बघाच, पण सोडियमही तपासून द्या असे आवर्जून सांगावे. ते नेहमीच्या अहवालात असतेच असे नाही.